चित्रकाराचे गद्य : म. वि. धुरंधर आणि मराठी कलालेखनाची एक विस्मृत वाट

१

अहमदनगरच्या निजामशाहीतील चित्रकलेचा विचार ज्या एका हस्तलिखितापासून सुरू होतो, ते ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आफताबी या कवीने रचलेले हे फारसी काव्य इ. स. १५६५च्या आगेमागे सिद्ध झाले. तालिकोटच्या लढाईतील विजय, राजाराणीचा विवाह, उद्यान आणि राणी खुंजा हुमायून हिचे सौंदर्य हे त्याचे विषय, आणि काव्याबरोबर चित्रेही आहेत. दख्खनी चित्रशैलीचा प्रारंभकाळ समजून घेण्यासाठी या चित्रांइतका विश्वसनीय दुसरा आधार नाही. राजाशेजारी बसलेल्या राणीची आकृती यातील काही चित्रांत पुढे पुसून टाकण्यात आली. हुसेनच्या मृत्यूनंतर काही वर्षे सत्ता चालविणाऱ्या या राणीला १५६९च्या सुमारास तिच्याच मुलाने कैद केले, त्या घटनेशी या पुसण्याचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे.

राणीच्या या पुसल्या गेलेल्या आकृतीविषयी बरेच लिहिले गेले आहे. याच हस्तलिखितात आणखी एक अनुपस्थिती आहे. ती मात्र तितकीशी डोळ्यांत भरत नाही. काव्याच्या कर्त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, चित्रांच्या कर्त्याचे नाही. राणीच्या जागी निदान एक डाग तरी उरला. चित्रकाराच्या जागी डागही नाही, कारण त्याचे नाव नोंदविण्याची गरजच कोणाला भासली नव्हती. कवी शब्दांत वावरतो, म्हणून काव्यात आपली मुद्रा ठेवून जाऊ शकतो. चित्रकाराला तशी सोय नसते. त्याला दुसऱ्याच्या शब्दांवर विसंबावे लागते, किंवा स्वतः शब्दांकडे वळावे लागते.

चित्रकार शब्दांकडे वळतो तेव्हा नेमके काय घडते, आणि मराठीत ते घडले तेव्हा मराठी समीक्षेने त्याची दखल कशी घेतली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी मध्यवर्ती उदाहरण म्हणून रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे जीवनकार्य आणि त्यांचा ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) हा ग्रंथ घेतला आहे.

२

चित्रकाराने लिहिण्याची परंपरा युरोपात कशी रूढ झाली हे पाहताना इटलीच्या व्हासारीचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मराठी संदर्भात अधिक उद्बोधक उदाहरण उत्तरेकडचे, कारेल व्हान मांडर याचे आहे. १५४८ साली फ्लँडर्समध्ये जन्मलेला हा चित्रकार कवीही होता. युद्धाच्या धामधुमीत त्याला मायभूमी सोडावी लागली आणि १५८३ साली तो हॉलंडमधील हार्लेम या गावी येऊन स्थिरावला. तेथे १६०४ साली त्याचा ‘चित्रकारांचा ग्रंथ’ (मूळ डच नाव ‘शिल्डर-बूक’) प्रसिद्ध झाला. त्यात नवशिक्या चित्रकारांसाठी रचलेले दीर्घ उपदेशपर काव्य आहे. प्राचीनांची, इटालियनांची आणि नेदरलँड्स व जर्मनीतील चित्रकारांची चरित्रे आहेत. ओव्हिडच्या पुराणकथांचे विवरणही आहे. इटालियनांची चरित्रे बव्हंशी व्हासारीवरून घेतलेली असली तरी नेदरलँड्सच्या चित्रकारांची चरित्रे ही व्हान मांडरची स्वतःची कमाई होय. आज त्या परंपरेतील कित्येक चित्रकारांविषयी जे काही ठाऊक आहे, त्याचा उगम याच ग्रंथात सापडतो.

या ग्रंथाचे महत्त्व माहितीच्या साठ्यापुरते मर्यादित नाही. आपल्या प्रदेशातील चित्रकला इटलीची नक्कल नव्हे, तिला स्वतःची वंशावळ आहे, असा दावा व्हान मांडरने आपल्या लोकभाषेत मांडला, आणि तो मांडताना विद्वानाचा अधिकार न घेता कारागिराचा घेतला. रंग कसा घोटावा, निसर्गदृश्यात दूरचे डोंगर कसे विरू द्यावेत, हे स्वतः केलेल्या माणसाचा तो अधिकार आहे. ही वाट पुढे सामुएल व्हान होखस्ट्राटन आणि त्याचा शिष्य आर्नोल्ड हाउब्राकेन यांनी चालू ठेवली. म्हणजे डच परंपरेत चित्रकार-लेखक हा अपवाद न राहता त्याची एक साखळी तयार झाली.

याच हार्लेमचा एक चित्रकार दख्खनमध्ये येऊन राहिला होता, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. कोर्नेलिस क्लासझोन हेडा हा प्रागच्या दरबारात काम करून, बरीच भटकंती करत गोव्यामार्गे विजापुरास पोहोचला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहिला. १६२२ साली तेथेच त्याचा अंत झाला. निजामशाहीचा गाडा तेव्हा मलिक अंबर हाकत होता. ज्या गावात चित्रकारांची चरित्रे छापली गेली होती त्या गावचा हा माणूस अशा प्रदेशात आला, जेथे चित्रकला वैभवात होती; परंतु चित्रकारांची चरित्रे लिहिण्याची कल्पना मात्र रुजलेली नव्हती. डच कंपनीच्या कागदपत्रांमुळे हेडाचे नाव राहिले. त्याच्या आसपास काम करणाऱ्या दख्खनी चित्रकारांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला तेवढेही आले.

३

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेल्या कलाशाळेने ही स्थिती पालटली. चित्रकार आता हजेरीपटावर, परीक्षांच्या निकालात, प्रदर्शनांच्या सूचीत नावानिशी दिसू लागला. तथापि नाव नोंदले जाणे आणि स्वर मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून पुढे अनेक हंगाम या शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनला आगीत नष्ट झाल्या. त्या उद्योगाचे फलित म्हणून १८९६–९७ मध्ये जे दोन भव्य खंड प्रसिद्ध झाले, त्यांवर नाव ग्रिफिथ्स यांचे होते. हात एतद्देशीयांचे आणि शब्द इंग्रजांचे, ही कामाची वाटणी वासाहतिक कलाशिक्षणात पुढेही दीर्घकाळ टिकली.

धुरंधरांचा प्रवेश या पार्श्वभूमीवर झाला. कोल्हापुरात जन्मलेला हा पाठारे प्रभू तरुण १८९०च्या जानेवारीत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि ग्रिफिथ्स यांचा आवडता विद्यार्थी बनला. १८९५ साली ‘लक्ष्मी आलीस का?’ या आशयाच्या शीर्षकाच्या चित्राबद्दल त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास ते शाळेत अध्यापक झाले. लवकरच त्यांच्या पहिल्या पत्नी बापूबाई मुंबईतील प्लेगच्या साथीला बळी पडल्या. १९१० साली ते हेडमास्तर झाले. १९३० साली संचालकपदाचा कार्यभार काही काळ त्यांच्याकडे आला आणि हे पद सांभाळणारे ते पहिले भारतीय ठरले. १९३१ साली ते निवृत्त झाले. दिल्लीच्या नव्या सचिवालयातील विधी सदस्याच्या दालनासाठी हिंदू आणि मुसलमानी न्यायदानाची दृश्ये त्यांनी रंगविली, तो या कारकिर्दीचा शासकीय कळस म्हणता येईल.

मराठीच्या अभ्यासकाला त्यांच्या कार्याचा दुसरा एक भाग अधिक जवळचा वाटेल. छापील पुस्तकासाठी चित्रे काढणारा त्यांच्याइतका उद्योगी चित्रकार त्या काळात क्वचितच आढळतो. एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक (१९१२), सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४), ऑटो रोथफेल्ड यांचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक (१९२०) ही त्यांनी सचित्र केली. यांपैकी किंकेड यांच्या पुस्तकाची गोष्ट विशेष आहे. त्यातील कथा म्हणजे आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या. आजी हातात तांदळाचे दाणे देऊन सांगते त्या आटपाट नगराच्या कहाण्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या लेखणीतून इंग्रजीत गेल्या, आणि त्या परक्या वेशात हिंडू लागल्यावर त्यांच्यातील घर, देव्हारा, लुगडे, नथ हे सारे ओळखीचे ठेवण्याचे काम धुरंधरांच्या रेषेने केले. कहाणीची मराठी लय भाषांतरात हरवली. तिचे मराठी शरीर चित्रात राहिले.

उलट रोथफेल्ड यांच्या पुस्तकात हीच रेषा वेगळ्या कामाला जुंपली गेली. तेथे स्त्री ही जातीचा आणि प्रांताचा नमुना म्हणून उभी राहते. चित्र आणि मजकूर यांचे नाते या पुस्तकांत एकसारखे नाही, हे लक्षात घेतले म्हणजे धुरंधरांना केवळ ‘वासाहतिक दृष्टीचा चित्रकार’ अथवा केवळ ‘मराठी जीवनाचा चितारी’ म्हणून मोकळे होता येत नाही. दुसऱ्याच्या मजकुराला चित्रे पुरविण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. स्वतःचा मजकूर लिहिण्याची वेळ निवृत्तीनंतर आली, आणि तो त्यांनी मराठीत लिहिला.

४

‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे शीर्षक बारकाईने वाचण्याजोगे आहे. त्यातील वर्षे आयुष्याची नाहीत, संस्थेची आहेत : १८९० ते १९३१. ग्रंथकाराचे वय ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. तरी आयुष्याचे माप म्हणून त्याने जन्मापासूनची वर्षे निवडली नाहीत, शाळेच्या उंबरठ्यापासूनची निवडली. आत्मचरित्रात ‘मी’ हा काळाचा धनी असतो. येथे काळाची धनीण संस्था आहे आणि ‘मी’ त्या काळाचा साक्षीदार आहे. दुसरा शब्द ‘कलामंदिर’. सरकारी खात्याच्या, परीक्षांच्या, बढत्यांच्या संस्थेला मंदिर म्हणताना धुरंधर तिचे वासाहतिक रूप झाकतात, असा आक्षेप घेता येईल. पण त्याच शब्दाने ते तिच्यावर हक्कही सांगतात. मंदिर कोणी बांधले यापेक्षा तेथे पूजा कोणी केली, हा प्रश्न आपल्याकडे नेहमीच महत्त्वाचा मानला गेला आहे.

ग्रिफिथ्स, सेसिल बर्न्स, ग्लॅडस्टन सॉलोमन या इंग्रज प्रमुखांच्या कारकिर्दी धुरंधरांच्या सेवाकाळात येऊन गेल्या. बंगालमध्ये हॅवेल आणि अवनींद्रनाथांच्या प्रभावाने पाश्चात्त्य यथार्थदर्शनाविरुद्ध जी चळवळ उभी राहिली, तिच्या दृष्टीने मुंबईची शाळा म्हणजे परक्यांची री ओढणारी शाळा होती. सॉलोमन यांनी १९२०च्या दशकात भित्तिचित्रांचा वर्ग काढून आणि मुंबईच्या ‘पुनरुज्जीवना’विषयी इंग्रजीत लिहून त्याला उत्तर दिले. वादाच्या या दोन्ही बाजू इंग्रजीत बोलत होत्या, आणि दोन्हीकडे इंग्रज अधिकारी अग्रभागी होते. ज्यांच्या हातांवरून हा वाद चालला होता त्या मराठी चित्रकाराची साक्ष १९४० साली आली : उशिरा, मराठीत, आणि वादाचा आवेश न घेता.

या संयमाची किंमतही ओळखली पाहिजे. एकेचाळीस वर्षे संस्थेत काढलेल्या माणसाला प्रमुखपद केवळ कार्यभाराच्या रूपाने लाभले, या वस्तुस्थितीत एक तीव्र प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न रोखठोकपणे उभा करणारे गद्य धुरंधरांच्या प्रकृतीत नव्हते. निष्ठा हा त्यांच्या लेखनाचा स्थायीभाव आहे. व्हान मांडरशी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. निर्वासित व्हान मांडरला आपल्या चित्रकारांसाठी वंशावळ रचावयाची होती, म्हणून त्याच्या ग्रंथाचा रोख अनेकांच्या चरित्रांकडे आहे. धुरंधरांना एका वास्तूशी असलेले आपले नाते सांगावयाचे होते. पहिल्याने परंपरा घडविली; दुसऱ्याने साक्ष दिली. साक्षीचे मोल वेगळ्या प्रकारचे असते : ती सिद्धान्त देत नाही, पण तिच्यावाचून सिद्धान्त हवेत राहतात.

धुरंधरांच्याच वर्षी, १८६७ साली, जन्मलेले आणि जे. जे.मध्येच शिकलेले श्रीपाद दामोदर सातवळेकर हे व्यवसायाने चित्रकार होते. परंतु त्यांच्या लेखणीने वेदांचा मार्ग धरला आणि मागे पडली ती चित्रकला. १८६८ साली जन्मलेले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत. ‘चित्ररामायण’ (१९१६) हा त्यांचा ग्रंथ आणि औंधचे संग्रहालय या दोहोंमागे चित्रकार-संस्थानिकाची दृष्टी आहे. अवघ्या दोन वर्षांत जन्मलेल्या या तिघांनी चित्र आणि शब्द यांचे नाते तीन प्रकारे सोडविले. चित्रकाराचा दैनंदिन व्यवसाय हाच गद्याचा विषय करण्याचे श्रेय त्या तिघांत धुरंधरांचे आहे.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल : मराठी समीक्षेने या गद्याचे काय केले? येथे एक तारीख बोलकी आहे. धुरंधरांचा ग्रंथ १९४० सालचा, बा. सी. मर्ढेकर यांचे ‘वाङ्मयीन महात्मता’ १९४१ सालचे. त्यापूर्वी १९३७ साली मर्ढेकरांचे इंग्रजीतील कलाविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले होते. मर्ढेकरांपासून मराठी सौंदर्यशास्त्रात चित्रकलेला मानाचे स्थान मिळाले, हे निर्विवाद आहे. रंग आणि रेषा यांच्या संवाद, विरोध व समतोल या संबंधांतून कलाकृतीची लय सिद्ध होते, या विचाराने पुढची काही दशके मराठी चर्चेला वळण दिले, रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’पर्यंत (१९७४) त्याचे पडसाद उमटत राहिले. परंतु या चर्चेतील ‘चित्र’ हे मुख्यतः तत्त्वचिंतनाचे उदाहरण होते. ते कोणी, कोणत्या संस्थेत, कोणाच्या मागणीवरून, कोणत्या पुस्तकाच्या पानासाठी काढले, हे प्रश्न त्या चौकटीत अप्रस्तुत ठरत. म्हणजे ज्या क्षणी मराठीत चित्रकाराची साक्ष उपलब्ध झाली, त्याच क्षणी मराठी कलाविचाराने साक्षीची गरज नसलेली वाट धरली. धुरंधरांचा ग्रंथ आत्मचरित्रांच्या यादीत गेला आणि सौंदर्यशास्त्र आपल्या मार्गाने पुढे गेले.

या विभागणीचे परिणाम दूरगामी आहेत. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरणे हे त्या काळाच्या बोधवादी समीक्षेला दिलेले आवश्यक उत्तर होते, हे मान्य करावयास हवे. पण स्वायत्ततेचा सिद्धान्त मराठीत रुजला तो अशा वेळी, जेव्हा महाराष्ट्रातील चित्रकला संस्था, आश्रय आणि छापखाना यांच्याशी घट्ट बांधलेली होती. त्या बंधनांची नोंद करणारे गद्य बाजूला पडल्यामुळे आपल्या कलाविचाराला सिद्धान्त मिळाले, इतिहास मिळाला नाही. किंकेडच्या पुस्तकातील कहाणीचे चित्र लयतत्त्वाच्या कसोटीवर दुय्यम ठरेल. मराठी मौखिक परंपरा छापील वासाहतिक ग्रंथात जाताना काय झाले, या प्रश्नासाठी मात्र तेच चित्र प्रथम दर्जाचे साधन आहे.

दोन्ही टोके जोडण्याचे प्रयत्न पुढे झाले ते पुन्हा चित्रकारांकडूनच. द. ग. गोडसे (१९१४–१९९२) यांनी ‘पोत’पासून (१९६३) पुढे जे लिहिले, त्यात चित्रकार-नेपथ्यकाराचा डोळा आणि इतिहासाभ्यासकाची जिज्ञासा एकत्र नांदतात, मर्ढेकरी चौकटीबाहेर पडून कलेच्या द्रव्याकडे आणि भूमीकडे पाहण्याची त्यांची रीत धुरंधरांच्या साक्षीहून पुष्कळच धाडसी आहे. प्रभाकर बरवे यांच्या ‘कोरा कॅनव्हास’मध्ये (१९९०) चित्र घडण्यापूर्वीच्या मनोव्यापाराला शब्द मिळाले. या ग्रंथांचा सलग विचार करून ‘चित्रकाराचे गद्य’ असा एक स्वतंत्र वाङ्मयप्रवाह मराठीत मानता येतो. त्याची पहिली मोठी पायरी १९४० साली घातली गेली. धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार. त्यांनीही पुढे आठवणी लिहिल्या. एकाच घरात दोन पिढ्यांनी हाती कुंचल्यासह लेखणी घ्यावी, हे या प्रवाहाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

व्हान मांडरने १६०४ साली जे काम केले, त्याच्याशी नाते सांगणारे मराठीतील काम फार उशिरा, २०१३ साली झाले. चित्रकार सुहास बहुळकर आणि समीक्षक दीपक घारे यांच्या संपादनाखाली ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड निघाला. महाराष्ट्रातील चित्रकार-शिल्पकारांची चरित्रे त्यात मराठीत एकत्र आली. १९११ साली अहमदनगरला जन्मलेले, जे. जे.मध्ये आणि पुढे लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत शिकलेले व्यक्तिचित्रकार गोपाळ देऊसकर यांच्यासारख्यांचे जीवन आता शोधावे लागत नाही. ज्या अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्याच गावी साडेचारशे वर्षांपूर्वी एका राणीचे चित्र काढणाऱ्याला मात्र कोणत्याही कोशात नोंद मिळणार नाही.

तो निनावी चित्रकार आणि कलामंदिराच्या काळगणनेत आपले आयुष्य मोजणारे धुरंधर यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कौशल्याचे नाही. शब्दांवरच्या अधिकाराचे आहे. चित्रकाराच्या गद्याला साहित्याच्या इतिहासात जागा देणे म्हणजे त्याच्यावर वाङ्मयीन गुणांचा आरोप करणे नव्हे. धुरंधरांचे गद्य साधे आहे, प्रसंगी अतिनम्र आहे, आणि त्याची मौने पुष्कळ आहेत. त्या मौनांसह ते वाचणे, आणि मर्ढेकरांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचणे, हे काम मराठी समीक्षेकडून अद्याप व्हावयाचे आहे.